दूध उतू जाईल असं नाटक

खोली दाखवायच्या आधी काकींनी मला वाचायला लावलं.

मी पनवेलच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते. एस. टी. स्टँडवरून टांग्यानं भातगिरणीपर्यंत, आणि तिथून गिरणीच्या मागच्या घरी. हेडमास्तरांनी सांगितलं होतं, खोली चांगली आहे, माणसं सज्जन आहेत, बाई जरा तऱ्हेवाईक आहेत. मी दारात ट्रंक ठेवून उभी राहिले. आतून एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई आली. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, हातात पळी.

"इंग्रजी शाळेतली ना तू?"

"हो."

"मराठी वाचता येतं?"

"येतं. पण हळू."

"किती हळू?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "बोट ठेवून."

त्या आत गेल्या आणि एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या. "कुठूनही वाच."

ते नाटक होतं. मी मधलंच एक पान उघडलं. नवरा-बायकोचं भांडण चाललं होतं. मी पात्राचं नाव वाचायचे, मग त्याचं वाक्य, मग कंसात जे असेल ते. दोघांचं भांडण मी एकाच आवाजात वाचलं, गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं. माझे कान तापले होते. मला वाटलं, आता म्हणतील, बाई गं, दुसरीकडे बघ.

"पुरे," काकी म्हणाल्या. "खोली तुझी."

नंतर कळलं की माझ्याआधी त्या खोलीत पोस्टातले एक गृहस्थ राहायचे. ते फार सुरेख वाचायचे. काकी म्हणाल्या, "अगं, ते वाण्याची यादी वाचायचे तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मग नाटक चांगलं की पोस्टमास्तर चांगले, हे कळणार कसं? त्यांची बदली झाली आणि मी सुटले. तुझ्या वाचण्यात नाटकाला कुणाचा आधार नाही. उभं राहिलं तर स्वतःच्या पायावर राहील."

मला आयुष्यात कुणी दिलेली ती पहिली नोकरी, असं मी मनात धरते. शाळेची त्यानंतरची.

*

गावात नाटकाचं एक हौशी मंडळ होतं. माघी गणपतीच्या उत्सवात ते दर वर्षी एक नाटक करायचं, गाढी नदीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर. काकी मंडळाच्या सभासद नव्हत्या, स्टेजवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि मुंबईच्या नाट्यगृहात त्या फक्त एकदा, लग्नानंतर, जाऊन आल्या होत्या. तरी नाटक कोणतं करायचं हे त्या सांगायच्या. कसं सुरू झालं ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. स्टेजच्या फळ्या गिरणीतून जायच्या, तेव्हा फळ्यांबरोबर सल्लाही जायला लागला असेल.

त्यांची अट एकच होती. लेखक जिवंत पाहिजे.

"मेलेल्याला काय, सगळेच हात जोडतात," त्या म्हणायच्या. "जो आत्ता लिहितोय, त्याचं वाचा. त्याला अजून चुकायचं आहे, सुधारायचं आहे. त्याला आपली गरज आहे."

जुन्या नाटकांवर त्यांचा राग होता असं नाही. त्यातली पदं त्या भाकऱ्या थापताना गुणगुणायच्या. पण एकदा मला म्हणाल्या, "त्या नाटकातल्या बायका माझ्यासारख्या बोलत नाहीत गं. मी ह्यांना कधी 'प्राणनाथ' म्हटलंय? विचार त्यांना."

काका ओटीवर बसले होते. त्यांनी मान वर करून विचार केला आणि म्हणाले, "एकदा 'अहो, ऐकलंत का' म्हणाली होती. तेवढंच."

काका म्हणजे काकींचे यजमान. भातगिरणी त्यांची. दिवसभर गिरणीत असल्यामुळे भुवयांवर कोंडा बसलेला असायचा आणि तो झटकायची त्यांना आठवण नसायची. ते फार थोडं बोलत. माणसांत तर त्यांनी काकींकडे नजर वर करून बघितलेलंही मी कधी पाहिलं नव्हतं. त्या काळी तशी रीतच होती, पण काका ती जरा जास्तच पाळायचे. भात विकत घेताना मात्र त्यांच्यात एक वेगळाच माणूस यायचा. चार दाणे सोलून दाताखाली धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा भात मऊ शिजेल, हा चिकट होईल. काकी म्हणायच्या, नाटकाचं पुस्तक म्हणजे कच्चा तांदूळ. शिजलेला कुणीही ओळखतो, कच्चा ओळखता आला पाहिजे.

आणि तो ओळखायची त्यांची स्वतःची पद्धत होती.

नवी पुस्तकं मुंबईहून यायची. गिरगावात त्यांच्या ओळखीचे एक पुस्तकवाले होते. नवं नाटक छापून आलं की ते एस. टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवून द्यायचे, आणि त्याच कंडक्टरबरोबर इकडून तांदूळ जायचे. कंडक्टर स्टँडवरूनच ओरडायचा, "काकींचं पार्सल!" मग चहाच्या हॉटेलातला कुणीतरी ते घेऊन यायचा.

त्या दिवशी संध्याकाळचं दूध आलं की काकी शेगडीत कोळसे घालायच्या, आच मंद राहील एवढेच. वर कल्हईचं पातेलं. समोर पाट मांडून, हातात पळी घेऊन, दुधाकडे तोंड करून त्या बसायच्या. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून पुस्तक उघडायचं आणि बोट ठेवून वाचायला लागायचं. दूध वेळेवर उतरवलं तर नाटक नापास. डोळ्यांदेखत उतू गेलं तर पास.

मी एकदा भीत भीत म्हटलं, "काकी, एखाद्या दिवशी नुसतीच डुलकी लागली असेल तर?"

"लग्न झाल्यापासून दूध तापवतेय," त्या म्हणाल्या. "अंगात ताप होता तेव्हा उतू गेलं नाही. सासूबाई वारल्या त्या संध्याकाळी गेलं नाही. मग नाटकाला गेलं, तर त्यात काहीतरी आहे की नाही?"

मी शिकले त्या शाळेत नाटकावर निबंध कसा लिहायचा ते शिकवलं होतं. सुरुवात, संघर्ष, उत्कर्षबिंदू. काकींना मी ते कधी सांगितलं नाही.

लोक रथसप्तमीला दूध मुद्दाम उतू घालवतात. आमच्याकडे ते वर्षातून चार-पाच वेळा व्हायचं, आणि त्याची झळ काकांना लागायची. सकाळी चहाचा पहिला, करपट वासाचा घोट घेतला की ते थांबायचे. कप खाली ठेवायचे. "काय, नवीन नाटक चांगलं आहे वाटतं?" कधी म्हणायचे, "यंदा लेखक लोक जोरात आहेत." भिकार नाटकांचा काळ आला की काका सुखात असायचे. साय जाड यायची.

*

काकी कुणालाही नाटक सुचवायच्या. दवाखान्याच्या बाकावर, भाजीवालीपाशी, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना. पण सुचवताना त्या गोष्ट सांगत नसत, आणि 'चांगलं आहे' हे शब्द तर मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नाहीत. त्या नाटकातली एक वस्तू सांगायच्या.

"त्यात एक डॉक्टर आहे. घरात आल्यावरही तो छत्री मिटत नाही. वाच."

"त्यात एका बाईला कुणी बस म्हणत नाही. तीन अंक उभी आहे ती. वाच."

ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, पण ती छत्री डोक्यातून जायची नाही. शेवटी तो पुस्तक मागायला यायचाच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका वाण म्हणून वाट्या आणि फण्या द्यायच्या. काकी एक नाटक द्यायच्या. एकच पुस्तक, पहिल्या आलेल्या बाईच्या हातात. तिनं वाचून दुसरीला द्यायचं, दुसरीनं तिसरीला, आणि पुढच्या संक्रांतीला ते परत आलं पाहिजे. परत आलेलं पुस्तक त्या उजेडात धरून चाळायच्या. हळदीचे डाग, तेलाची बोटं, एखाद्या पानावर पोराच्या पेन्सिलीच्या रेघोट्या दिसल्या की खूष. एकदा एका वकिलीणबाईंकडून पुस्तक जसंच्या तसं परत आलं, कव्हर घातलेलं. काकींनी त्यांना तोंडावर सांगितलं, "वाचलं नाहीत तुम्ही. कपाटात ठेवलंत. पुन्हा घेऊन जा."

त्या बाई घेऊन गेल्या. वाचलंही असावं. पुढच्या खेपेला त्यावर आमटीचा डाग होता. मुद्दाम पाडलेला असेल असं मला वाटलं, पण मी बोलले नाही. मी तिथे फारसं काही बोलतच नसे. शाळेत मुलांशी जेवढं बोलावं लागे तेवढ्यानं माझं दिवसाचं बोलणं संपायचं. घरी मी वाचायचे, आणि वाचलेलं बोलणं आपलं नसतं, म्हणून ते सोपं जायचं.

आता त्या घरात दुसरं कुणी राहतं, गिरणीही बंद झाली असं कळलं. माझं लग्न झालं, मी नागपूरला आले. इथे मोठी नाट्यगृहं आहेत, वर्तमानपत्रांत नाटकांवर लिहून येतं. ते वाचलं की नाटक कसं आहे ते कळतं, पण जावंसं वाटत नाही. त्यात छत्री नसते.

*

मी पनवेलला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी काकींचं एक नाटक साफ पडलं.

दूध चांगलं उतू गेलं होतं, शेगडी विझली होती. नाटक एका ऑफिसातल्या तीन माणसांचं होतं. प्रयोगाच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या आल्या, जासई-खारघरकडची भात आणि मीठ पिकवणारी माणसं पोराबाळांना घेऊन, गाड्यांवर घोंगड्या अंथरून बसली. पहिल्या अंकानंतर गाड्या जुंपायला लागल्या. दुसऱ्या अंकात मैदानाचा मागचा भाग मोकळा झाला.

मैदानाच्या कडेला दर वर्षी चहाची गाडी लावणारे एक चाचा होते. नाटक संपल्यावर ते रिकामी किटली हातात घेऊन काकींकडे आले. "काकी, खुदा कसम, दरसाल असंच नाटक आणा. तलवारीच्या नाटकाला लोक जागचे उठत नाहीत, माझा चहा तसाच राहतो. आज सगळं मैदान माझ्याकडे होतं. दूध कमी पडलं."

काकी हसल्या. चाचांच्या बोलण्याला त्या नेहमी हसायच्या. पण जासईचे एक म्हातारे, ज्यांचं भात काकांच्या गिरणीत यायचं, ते दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून म्हणाले, "काकी, राग नका मानू. मानसं खुर्चीवर बसून नुसती बोलत व्हती. तशी ती घरी पन बोलत्यात. त्यासाठी बैल कशाला दमवायचं?"

यावर काकी हसल्या नाहीत. म्हाताऱ्यांना पोहे दिले.

मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. माणूस भला, आवाज मोठा. लढाईच्या नाटकात त्यांनी तरुणपणी सेनापती केला होता आणि तो पोशाख अजून जपून ठेवला होता. ते म्हणाले, "काकी, तुमचा मान आहे. पण आणखी एक वर्ष. पुढचंही असंच झालं तर त्यापुढे नाटक आम्ही ठरवू. तलवारी धूळ खात पडल्यात."

"बरं," काकी म्हणाल्या.

त्या दिवसापासून पार्सल आलं की त्या पूर्वीसारख्या लगबगीनं उठेनाशा झाल्या.

पावसाळ्यानंतर दोन पुस्तकं एकदमच आली. पहिलं मी वाचलं तो एक फार्स होता. तीन दारं, आणि एक माणूस सारखा चुकीच्या दारातून आत येतो. काकी मधूनमधून हसत होत्या, आणि हसता हसताच त्यांनी पातेलं उतरवलं. साय मोडलीसुद्धा नाही.

दुसरं दुसऱ्या दिवशी. लेखकाचं नाव दोघींनीही ऐकलेलं नव्हतं. घरात मुलाचं लग्न आहे, सगळी गडबड, आणि चार दिवसांसाठी म्हणून सासरहून मुलगी आली आहे. तिच्याबरोबर मोठी ट्रंक आहे. एवढी मोठी ट्रंक का, हे कुणी विचारत नाही. आईही विचारत नाही. पहिला अंक असा ट्रंकेला वळसा घालून जातो. काकींची पळी हातातच होती. मी दुसऱ्या अंकावर आले. पाहुणे झोपून उठून गेलेत, अंथरुणं तशीच पडलीत. मुलगी एकटी चादर उचलते. मोठी चादर, एकटीला आवरत नाही.

मी बोट पुढे सरकवत वाचलं: "कंसात. आई दारात येते. थांबते. मग पुढे होऊन चादरीचं दुसरं टोक धरते. दोघी चादरीची घडी घालतात. घडी घालताना जवळ येतात, पुन्हा लांब जातात. कुणी काही बोलत नाही. कंस पूर्ण."

शेगडीवर चर्र झालं. दूध पातेल्याच्या चहूबाजूंनी खाली येत होतं, कोळसे विझत होते, आणि काकी ते बघत होत्या. बघत होत्या, पण त्यांना दिसत नव्हतं. मी उठून पातेलं उतरवलं. बोट भाजलं. त्यांना त्याचाही पत्ता नव्हता. मग म्हणाल्या, "पुढे वाच."

*

मंडळाची बैठक रविवारी दुपारी ओटीवर भरली. वकीलसाहेब, आणखी दोघं-तिघं, आणि कोपऱ्यात काका. मी आतल्या उंबऱ्याशी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. पोहे झाले, पान झालं. मग काकींनी पुस्तक पुढे केलं.

"यात तीन दारं आहेत," त्या म्हणाल्या. "आणि एक माणूस सारखा चुकीच्या दारातून येतो."

वकीलसाहेब हसले. बाकीचेही हसले. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले.

दर वर्षी शेवटी विचारायचा एक प्रश्न होता. पनवेलमध्ये काकींच्या शेगडीची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती? वकीलसाहेबांनी लग्नातल्या भटजींसारखं मान हलवून विचारलं, "मग, दूध?"

"गेलं की," काकी म्हणाल्या.

माझ्या हातातली तांबडी पेन्सिल थांबली. मी काकींकडे पाहिलं. त्या तबकातल्या सुपाऱ्या नीट लावत होत्या. दुधाच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. तेवढी एकच गोष्ट होती की जिच्यावर गाव न विचारता विश्वास ठेवायचं.

मी काही ठरवलं नव्हतं. माझाच आवाज मला ऐकू आला, नाटक वाचतानाचा, सपाट.

"नाही गेलं, काकी. दुसऱ्याला गेलं."

वकीलसाहेबांनी मान वळवून, आवाज कुठून आला ते पाहिलं. मी तिथे राहायला लागून दोन वर्षं होऊन गेली होती, पण त्यांनी माझा आवाज ऐकला नसावा.

"दुसरं कुठलं?" ते म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून काका म्हणाले, "माझ्या चहाला अजून वास येतोय. पातेलं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं. निघत नाही."

काकींनी काकांकडे पाहिलं. काका छपराकडे बघत होते. मग काकी उठल्या, आत आल्या, माझ्या अंगावरून गेल्या तरी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि दुसरं पुस्तक घेऊन बाहेर गेल्या.

"यात काय आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"एक चादर आहे."

"आणि?"

"आणि काही नाही. चादर आहे."

वकीलसाहेबांनी पुस्तक हातात घेऊन पालटून पाहिलं. "काकी, आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?"

"आहे."

माणसं गेल्यावर मी वह्या गोळा करून खोलीकडे निघाले. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. काकी विहिरीपाशी उभ्या होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तोंड आहे की तुला."

मी उभी राहिले.

"त्या फार्सात माणसं हसली असती, बसून राहिली असती, आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा विचारायला आली असती. एवढंच हवं होतं मला." त्यांनी रहाटाचा दोर हातात धरला, पण ओढला नाही. "आता चादर बघायला कोण थांबणार? आणि उद्या मला कुणी विचारलंच नाही, तर पुस्तकं मागवून मी करू काय? ह्यांना चहा?"

मी पुढे होऊन दोर धरला आणि आम्ही दोघींनी कळशी ओढली.

*

माघातली थंडी होती. मैदानावर डाव्या हाताला बायकांचं जाजम, उजवीकडे पुरुषांच्या खुर्च्या, मागे बैलगाड्यांची रांग, आणि गाड्यांच्या शेजारी चाचांची चहाची गाडी. चाचांनी त्या दिवशी दोन स्टोव्ह आणले होते. येताना काकींना म्हणाले, "ऐकलं, यंदा पण बोलण्याचंच नाटक आहे? मी तयारीनं आलोय."

काकी जाजमाच्या अगदी कडेला बसल्या, लवकर उठून जाता येईल अशा जागी. मला शेजारी बसवलं. पडदा वर गेल्यावर त्यांनी स्टेजकडे फार थोडं पाहिलं. त्या मागे बघत होत्या, गाड्यांकडे.

पहिल्या अंकात लोक चुळबुळत होते. लग्नघराची गडबड, रुसवेफुगवे, तिथे हसूही आलं. पण ट्रंकेचं काय, हे कुणी सांगेना, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, इचारा ना तिला!" पडदा पडला. काही माणसं चाचांच्या गाडीकडे गेली. एका गाडीवाल्यानं बैलाच्या दोराला हात घातला. काकींनी माझं मनगट धरलं. तो गाडीवाला जासईचा म्हातारा होता. पण गाडीत बसलेली त्याची म्हातारी हलायला तयार नव्हती. म्हातारा काहीतरी म्हणाला. तिनं घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली आणि स्टेजकडे तोंड करून बसून राहिली.

दुसरा अंक सुरू झाला. स्टेजभर अंथरुणं पसरलेली. मुलीचं काम दवाखान्यातल्या नर्सबाईंनी केलं होतं. त्यांनी चादर उचलली, झटकली, एकटीनं घडी घालायला गेल्या. टोक खाली लोळलं. पुन्हा उचलली. पुन्हा लोळलं. आई दारात आली आणि थांबली.

ती किती वेळ थांबली कोण जाणे. पुस्तकात नुसतं 'थांबते' होतं, मी ते एका दमात वाचलं होतं. इथे ती थांबलीच. मैदानावर एक पोर खोकलं. आणि मागून, गाड्यांच्या रांगेतून, म्हातारीचा आवाज आला, स्वतःच्या घरात बोलावं तसा:

"अगो आये, धर की गो टोक!"

कुणी हसलं नाही. स्टेजवरची आई पुढे झाली आणि तिनं टोक धरलं. दोघी जवळ आल्या, लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या. चादर लहान लहान होत गेली. माझ्या बाजूच्या बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. इतक्या माणसांचं मैदान, पण नुसतं कापड सळसळलेलं ऐकू येत होतं.

तेवढ्यात काकी एकदम अर्ध्या उठल्या. "अगंबाई, दूध लागलं," असं पुटपुटत त्यांनी पदर खोचला आणि घराकडे धावायच्या बेतानं पाय उचलला.

मग मलाही वास आला. करपलेल्या दुधाचा, दाट, थंडीत हळूहळू पुढे येणारा. आम्ही दोघींनी मागे पाहिलं. दोन्ही स्टोव्ह भरभर पेटलेले होते. चाचा त्यांच्याकडे पाठ करून, हातात गाळणं तसंच धरून, स्टेजकडे बघत उभे होते. त्यांच्या मागे पातेल्यातलं दूध फसफसून गाडीवरून खाली वाहत होतं, आणि आजूबाजूला चहासाठी उभ्या असलेल्या माणसांपैकी एकानंही ते त्यांना सांगितलं नव्हतं.

काकी तशाच, अर्ध्या उठलेल्या, बघत राहिल्या. मी त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं.

पलीकडे पुरुषांच्या खुर्च्यांत सगळ्यांची तोंडं स्टेजकडे होती. एकच माणूस मागे वळून बसला होता. भुवयांवर कोंडा असलेला. बायकांच्या एवढ्या गर्दीत तो एक चेहरा शोधत होता. काकी दिसल्यावर काकांनी नाकापाशी बोट नेलं, आणि मग सगळ्या मैदानादेखत हात वर करून खूण केली.

गेलं.